सहस्र सुवर्णाहून मोलाचे : वैद्यराज सुन सिम्याओ

चीनच्या शेन्सी प्रांतात, शीआन नगराच्या उत्तरेस, याओझोऊ नावाचा परिसर आहे. तेथील एका डोंगराला लोक ‘वैद्यराजाचा डोंगर’ म्हणून ओळखतात. डोंगरावर मंदिर आहे आणि औषधयोग कोरलेल्या शिळा आहेत. ज्यांच्या स्मरणार्थ हे सर्व उभे राहिले, ते सुन सिम्याओ याच परिसरात जन्मले. तेराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेले हे सत्पुरुष व्यवसायाने वैद्य होते, वृत्तीने ताओ मार्गाचे उपासक होते आणि मनाने बौद्ध करुणेच्या फार जवळचे होते. शरीरातील प्राणशक्ती कशी जपावी, श्वास आणि हालचाल यांचा मेळ कसा घालावा, या विषयावर चीनमध्ये विपुल लेखन झाले. त्यात त्यांच्या ग्रंथांना मानाचे स्थान आहे. तथापि त्यांचे मोठेपण केवळ त्या विद्वत्तेत नाही. ही विद्या त्यांनी राजवाड्यांतून आणि एकांतातील आश्रमांतून बाहेर काढली व सामान्य माणसाच्या दिनक्रमात आणून ठेवली. ज्याला कोणी शिवत नसे, अशा रोग्याचाही आरोग्यावर तितकाच हक्क आहे, हे त्यांनी आचरणाने दाखवले.

परंपरेनुसार त्यांचा जन्म इ. स. ५८१ मधला. त्याच वर्षी सुई राजवंशाची सत्ता सुरू झाली आणि पुढील आठ वर्षांत, दीर्घकाळ दुभंगलेला चीन पुन्हा एका छत्राखाली आला. सुन यांचे बालपण मात्र आजारपणात गेले. थंडीवाऱ्याच्या बाधेने ते वारंवार अंथरुणाला खिळत. वैद्यांचे उंबरे झिजवण्यात आणि काढ्यांच्या खर्चात घरची सारी पुंजी संपून गेली. ही गोष्ट त्यांनी पुढे आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःच नमूद केली आहे. एका मुलाच्या दुखण्याने घर कसे धुऊन निघते, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांनी आईवडिलांच्या चेहऱ्यावर पाहिले होते. त्यांच्या पुढील आयुष्यातील बहुतेक निर्णयांचे मूळ या अनुभवात सापडते.

प्रकृती दुबळी असली तरी बुद्धी तल्लख होती. सातव्या वर्षी त्यांनी अध्ययनास आरंभ केला आणि विशीत येईपर्यंत लाओ त्से व च्वांग त्से यांच्या तत्त्वज्ञानावर ते अधिकाराने बोलू लागले. बौद्ध ग्रंथांचीही त्यांना तितकीच ओढ होती, असे थांग राजवंशाचा इतिहास सांगतो. वैद्यकाकडे ते तारुण्यातच वळले. नातलग आणि शेजारीपाजारी हे त्यांचे पहिले रोगी. एखाद्या उपचारात आपल्यापेक्षा अधिक जाणणारा कोणी आहे असे कळले, की तो कितीही दूर असो, ते त्याच्याकडे जात आणि शिष्यभावाने शिकून येत. केस पांढरे झाल्यावरही त्यांच्या हातून ग्रंथ सुटला नाही.

त्यांच्या विचाराचा पाया ताओ दर्शनाचा होता. ताओ या शब्दाचा साधा अर्थ मार्ग. ऋतू येतात आणि जातात, पाणी उताराकडे वाहते, दिवसामागून रात्र येते. या सर्वांमागील सहज क्रमाला ताओ म्हटले आहे. माणसाने त्या क्रमाशी झुंज न घेता त्याच्याशी जुळवून जगावे, बळजबरीने काही घडवू पाहू नये, हे त्या दर्शनाचे सार. यिन आणि यांग, म्हणजे शीत आणि उष्ण, विश्रांती आणि गती, अशा परस्परपूरक जोड्यांचा तोल राहिला की जीवन नीट चालते. शरीरात जी जीवनशक्ती खेळते, तिला चिनी भाषेत छी म्हणतात. आपल्याकडील प्राण या कल्पनेशी ती बरीच जुळते. छी मोकळेपणाने वाहत असेल तर आरोग्य आणि ती अडली, साचली किंवा उधळली गेली तर रोग, अशी या वैद्यकाची धारणा आहे.

छी वाहती ठेवण्यासाठी हळुवार हालचाल आणि श्वास यांची सांगड घालणारे व्यायाम चीनमध्ये सुन यांच्या कितीतरी आधीपासून चालत आले होते. त्यांना दाओयिन म्हणत. चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे इ. स. पू. १६८ मधील एका थडग्यात रेशमी वस्त्रावर रंगवलेले एक चित्र १९७३ साली सुरू झालेल्या उत्खननात मिळाले. त्यात अशा व्यायामांच्या मुद्रेतील ४४ स्त्रीपुरुष दाखवले आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील विख्यात वैद्य हुआ त्वो यांच्या नावावर वाघ, हरिण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या हालचालींवरून रचलेला व्यायाम सांगितला जातो. सुन यांना हा वारसा आयता मिळाला होता. त्यात त्यांनी कशाची भर घातली, हे समजण्यासाठी आधी त्यांनी काय नाकारले ते पाहावे लागेल.

त्यांनी राजाश्रय नाकारला. सुई राजवंशाच्या संस्थापकाने, अद्याप सिंहासनावर बसण्यापूर्वीच, त्यांना राजविद्यालयात अध्यापक म्हणून बोलावल्याचे इतिहास सांगतो. प्रकृतीचे कारण सांगून ते गेले नाहीत. छिनलिंग पर्वतरांगेतील ताईबाई पर्वतावर त्यांनी वास्तव्य केले. पुढे थांग राजवंशाचा प्रतापी सम्राट ताईझोंग याने त्यांना चांगआन या राजधानीत पाचारण केले. वृद्ध सुन यांची तरतरीत मुद्रा पाहून सम्राट चकित झाला आणि त्याने त्यांना पद देऊ केले. त्यांनी तेही घेतले नाही. इ. स. ६५९ मध्ये सम्राट गाओझोंग याने राजसल्लागाराचे मानाचे पद पुढे केले. त्यालाही त्यांनी नम्रपणे नकार दिला. दरबाराशी त्यांचे वैर नव्हते. बोलावणे आले की ते जात, आणि आधीच्या राजवटींचा इतिहास लिहिणारे विद्वान शंका घेऊन आले की तीक्ष्ण स्मरणशक्तीच्या बळावर त्यांना माहितीही पुरवीत. परंतु पद स्वीकारले असते, तर त्यांचा वेळ आणि त्यांची विद्या एका घराण्याच्या मालकीची झाली असती. ती तशी होऊ द्यायची नाही, एवढा त्यांचा निर्धार होता.

हा वाचवलेला वेळ त्यांनी कोणासाठी खर्च केला, हे महारोगाच्या प्रकरणातून कळते. कुष्ठरोग्याला समाज त्या काळी वाळीत टाकत असे. हा रोग म्हणजे दैवाचा कोप, अशी समजूत दृढ होती. सुन यांनी अशा ६०० हून अधिक रोग्यांवर स्वतःच्या हातांनी उपचार केले, त्यांची शुश्रूषा केली आणि आपले अनुभव लिहून ठेवले. त्या नोंदीतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दहांपैकी एकच रोगी बरा झाला, असे ते स्पष्टपणे सांगतात. कीर्तीचा हव्यास असलेल्या वैद्याने ही संख्या झाकली असती. सुन यांनी ती लिहिली आणि बाकीच्या नऊ जणांनाही सोडले नाही. बरे करता येणे हे वैद्याच्या हाती नेहमीच असते असे नाही, जवळ राहणे मात्र असते, ही जाणीव त्या साध्या आकड्यामागे आहे.

इ. स. ६५२ च्या सुमारास त्यांचा पहिला महाग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या नावाचा आशय असा, की संकटसमयी उपयोगी पडणारे हे औषधयोग सहस्र सुवर्णमुद्रांच्या मोलाचे आहेत. माणसाचे जीवन सहस्र सुवर्णाहूनही मोलाचे आहे आणि एका योग्य उपचाराने ते वाचू शकते, ही त्या नावामागची भूमिका. ग्रंथाचे ३० खंड असून त्यात ५,००० हून अधिक औषधयोग आहेत. गलगंडावर समुद्री वनस्पती आणि प्राण्यांच्या कंठग्रंथी, रातांधळेपणावर यकृत, असे पुढील काळात शास्त्राने खरे ठरवलेले उपाय त्यात आढळतात. ग्रंथाची मांडणीही बोलकी आहे. सामान्य विवेचन झाल्यावर लगेच स्त्रियांचे रोग येतात, त्यामागून बालकांचे, आणि पुरुषांची पाळी नंतर येते. जगाचा आरंभ आई आणि मूल यांच्यापासून होतो, म्हणून वैद्यकाचा आरंभही तेथूनच व्हावा, असा हा क्रम आहे.

याच ग्रंथाच्या प्रारंभी वैद्याच्या आचारधर्माचे प्रकरण आहे. चीनमधील वैद्यकाचे विद्यार्थी आजही ते अभ्यासतात. रोगी दारी आला की तो धनिक की दरिद्री, उच्च पदावरचा की हलक्या कामाचा, सुंदर की कुरूप, मित्र की वैरी, स्वदेशी की परका, याचा विचार वैद्याने मनात येऊ देऊ नये. प्रत्येकाला जिवलग आप्त मानावे, असे त्यात बजावले आहे. रात्र, थंडी, भूक किंवा थकवा यांची सबब सांगू नये. दुर्गंधी जखमांची किळस करू नये. औषधासाठी जिवंत प्राण्याची हत्या शक्यतो टाळावी, कारण जीव सर्वांनाच प्रिय आहे. रोगी श्रीमंत आहे म्हणून त्याला मुद्दाम महागडे आणि दुर्मिळ औषध लिहून देऊ नये. महाकरुणेचा, सर्व सजीवांचे दुःख दूर करण्याच्या संकल्पाचा जो सूर येथे लागतो, तो बौद्ध ग्रंथांच्या सहवासातून आलेला आहे, हे सहज ओळखू येते. ताओ मार्गाने त्यांना शरीर कसे जपावे हे शिकवले, आणि ते कोणाकोणाचे जपावे याचे उत्तर त्यांना करुणेच्या शिकवणीत मिळाले.

या समन्वयाचे मोल कळण्यासाठी तेव्हाची चांगआन नगरी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. थांग घराण्याचे आडनाव ली होते आणि लाओ त्सेचे आडनावही तेच मानले जात असल्याने सम्राट स्वतःला लाओ त्सेचे वंशज म्हणवीत. इ. स. ६३७ मध्ये ताईझोंगने फर्मान काढून ताओ मठवासीयांना बौद्ध भिक्षूंपेक्षा वरचा मान दिला; त्यावरून दोन्ही पंथांत तेढ वाढली. दुसरीकडे, भारतात प्रदीर्घ प्रवास करून, आपल्या महाराष्ट्रालाही भेट देऊन, ह्युएन त्संग इ. स. ६४५ मध्ये शेकडो ग्रंथांसह चांगआनला परतला होता. त्याने आणलेल्या ग्रंथांसाठी तेथे विटांचा बौद्ध मनोरा उभारला गेला, तो ६५२ मध्ये, म्हणजे सुन यांचा ग्रंथ सिद्ध झाला त्याच सुमारास. मानापमानाचे वाद रंगलेल्या त्या काळात ताओ परंपरेत मुरलेल्या सुन यांनी आपल्या ग्रंथात काय केले? आरोग्यरक्षणाच्या प्रकरणात त्यांनी लाओ त्सेच्या नावाची ४९ हालचालींची मर्दनपद्धती दिली आणि तिच्या शेजारी भारतातून आलेली, ब्राह्मणांची म्हणून ओळखली जाणारी, १८ हालचालींची पद्धती मांडली. कोणती वरची आणि कोणती खालची, हा प्रश्न त्यांनी उपस्थितच केला नाही.

त्या अठरा हालचाली वाचताना आजही मौज वाटते, इतक्या त्या ओळखीच्या आहेत. हात धुताना जसे एकमेकांवर चोळतो तसे दोन्ही हात पिळावेत. बळकट धनुष्य ओढल्यासारखे बाहू ताणावेत. जड शिळा किंवा डोंगर लोटत आहोत, अशा आविर्भावाने हात पुढे रेटावेत. हात जमिनीवर टेकवून, पाठीची कमान करून अंग वर उचलावे. वाघ मागे वळून पाहतो तसे दोन्ही बाजूंना वळून पाहावे. यांना साधन लागत नाही, गुरुदक्षिणा लागत नाही, वेगळी जागा लागत नाही. विशेषतः वृद्धांनी हा क्रम दिवसातून तीनदा करावा, असे त्यांनी सुचवले. त्यांनी सांगितलेल्या लाभांत त्या काळाला साजेशी अतिशयोक्ती आहे. परंतु रोज थोडे, नेमाने आणि दमछाक न होता, हे सूत्र पक्के आहे.

भारताशी त्यांचा आणखी एक धागा जुळलेला आहे, आणि तो आपल्या वाचकांना विशेष आनंद देईल. राजगृहाचा जीवक हा बिंबिसार राजाचा आणि तथागतांचा वैद्य. तक्षशिलेस शिकत असता, एका योजनाच्या परिसरात औषधी नसलेली एखादी वनस्पती शोधून आण, अशी परीक्षा गुरूने त्याला घातली आणि तो रिकाम्या हातांनी परतला, ही विनयपिटकातील कथा सर्वपरिचित आहे. सुन यांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या दुसऱ्या ग्रंथात जीवकाचा नावाने उल्लेख केला आहे आणि जगातील प्रत्येक वस्तू औषध होऊ शकते, हे त्याचे मत नोंदवले आहे. मगधातील एका वैद्याचा विचार हजार वर्षांहून अधिक काळ प्रवास करून चीनमधील वैद्याच्या लेखणीपर्यंत पोहोचला आणि तेथे त्याला आपले घर मिळाले.

दैनंदिन जीवनाविषयी त्यांनी दिलेले मार्गदर्शन असेच साधे आहे. भूक लागल्यावरच खावे आणि पोट काहीसे रिकामे ठेवून उठावे. जेवणानंतर लगेच आडवे न होता शतपावली करावी आणि पोटावरून हात फिरवावा. अंगाला श्रमाची सवय असावी, पण झेपणार नाही असे ओझे घेऊ नये. राग, चिंता, हाव आणि बडबड यांनी प्राणशक्ती वाया जाते, म्हणून त्या आवराव्यात. श्वसनासाठी शांत खोलीत, उबदार अंथरुणावर उताणे पडून डोळे मिटावेत. श्वास इतका सूक्ष्म व्हावा, की नाकावर ठेवलेले पीसही हलू नये. तोंडाने श्वास सोडण्याचे सहा प्रकारही त्यांनी वर्णिले असून प्रत्येकाचा संबंध शरीराच्या वेगवेगळ्या भागांच्या विकारांशी जोडला आहे. आहाराने बरे होण्यासारखे असेल तर आधी आहार बदलावा आणि त्याने काम झाले नाही तरच औषधाकडे वळावे, हा त्यांचा आग्रह होता. औषधांपायी घर रिकामे झालेले पाहिलेल्या मुलाने मोठेपणी असा आग्रह धरावा, हे स्वाभाविकच होते.

सुन हे आपल्या काळाचेच अपत्य होते, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या ग्रंथांत मंत्रतंत्र आहेत, आणि धातू व खनिजे भाजून रसायने सिद्ध करण्याच्या ताओ कीमियेतही त्यांना रस होता. दीर्घायुष्याच्या लोभाने अशी रसायने घेऊन थांग घराण्यातील एकाहून अधिक सम्राटांनी प्राण गमावले. परंतु अनुभवाने जे घातक ठरले, त्याविरुद्ध ते निर्भीडपणे बोलले. श्रीमंत आणि विद्वान मंडळींत प्रतिष्ठा पावलेले पाच खनिजांचे चूर्ण त्यांनी विषाहून वाईट ठरवले आणि त्याची कृती आढळल्यास ती जाळून टाकावी, असा सल्ला दिला.

त्यांच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग मनाला चटका लावणारा आहे. थांग काळातील नामांकित कवी लू झाओलिन याला हातपाय लुळे करणाऱ्या असाध्य व्याधीने ग्रासले होते. इ. स. ६७३ मध्ये तो चांगआनमधील एका जुन्या राजकन्यानिवासात आजारी पडून होता आणि सुन यांचे वास्तव्यही तेथेच होते. त्या अंगणात एक रोगट नासपतीचे झाड होते. त्यावर लू याने काव्य रचले आणि त्याच्या प्रास्ताविकात आपल्या या वृद्ध गुरूचे चित्र रेखाटले. निष्णात वैद्य रोग कसा हटवतो, असे त्याने सुन यांना विचारले. निसर्गात जसे ऋतुचक्र फिरते तसेच शरीरात श्वास, रक्त आणि निद्रा-जागृती यांचे चक्र फिरते. ते बिघडले की निसर्गात दुष्काळ-पूर येतात आणि शरीरात रोग, असे त्यांनी त्याला समजावले. माणसाने साहस मोठे ठेवावे पण सावधपणा सोडू नये, बुद्धी लवचीक ठेवावी पण आचरण सरळ असावे, असाही उपदेश त्यांनी केला. लू बरा झाला नाही. गुरूच्या निधनानंतर काही वर्षांनी वेदना असह्य होऊन त्याने यिंग नदीत देह टाकला. सुन यांची विद्या त्याला वाचवू शकली नाही. परंतु त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण दिवसांत त्याच्या प्रश्नांना उत्तर देणारे माणूस त्याच्याजवळ होते, एवढे खरे.

इ. स. ६८२ मध्ये सुन सिम्याओ यांचे निधन झाले. आपला अंत्यविधी साधेपणाने व्हावा, थडग्यात मौल्यवान वस्तू ठेवू नयेत आणि पूजेत प्राण्याचा बळी देऊ नये, अशी त्यांची अखेरची आज्ञा होती. आयुष्यभर जे सांगितले, ते मृत्यूनंतरही पाळले जावे, याची त्यांनी व्यवस्था केली. सोंग राजवटीत, १०६६ मध्ये, त्यांचा पहिला महाग्रंथ शासनाने शुद्ध करून छापला. जपानमध्ये त्याची जुनी प्रत जपली गेली आणि १८४९ मध्ये एदो येथील वैद्यकविद्यालयाने ती पुन्हा प्रकाशित केली.

आज जगभर परिचित असलेली ताई ची ही पद्धती सुन यांच्यानंतर सुमारे हजार वर्षांनी, हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकात आकाराला आल्याचे अभ्यासक मानतात. मुळात ती युद्धकला. तिच्या नावातील ची म्हणजे प्राणवाचक छी नव्हे. ताई ची या जोडशब्दाचा अर्थ परमतत्त्व, ज्यातून यिन आणि यांग प्रकटतात, असा आहे. २०२० मध्ये युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. सुन यांनी ताई ची केली नाही. तरी हळुवार हालचाल, सखोल श्वास आणि स्थिर चित्त यांचा जो मेळ तिच्यात दिसतो, तो दाओयिनच्या ज्या प्रवाहातून आला, त्याला सामान्य माणसाच्या अंगणापर्यंत आणणाऱ्यांत सुन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

अशा विद्या आज पुष्कळदा महागड्या शिबिरांच्या आणि गूढ शब्दांच्या वेष्टनात विकल्या जातात. ज्या वैद्याचे घर औषधांपायी रिकामे झाले होते, त्याने तेराशे वर्षांपूर्वी त्याच विद्या पीस, जमीन, दोन हात आणि जेवणानंतरची शतपावली एवढ्या सामग्रीवर बसवून दाखवल्या. पहाटे उठून अंग मोकळे करणाऱ्या विद्यार्थ्याला आणि काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना त्या सारख्याच उपलब्ध आहेत. हात धुतल्यासारखे तळवे एकमेकांवर चोळावेत, तेथून आरंभ करावा; त्याला एक पैसाही लागत नाही.